सात नंबरचा माणूस

...आणि वर लोक मलाच विचारायचे, "काय हो, लंगडताय का?" नाही, नाही! नाचतोय! हौस आली म्हणून एका पायावर नाचतोय! अहो, दिसतंय ना, की हा माणूस सकाळपासून टाच टेकवत नाहीये, भिंतीला धरून चालतोय, दोन पायऱ्या उतरायला पाच मिनिटं घेतोय... तरी विचारायचं! आणि विचारून थांबतील तर ना! लगेच पुढचं वाक्य, हसत हसत, "आणि तुम्ही तर बुटाच्या दुकानात असता!" म्हणजे काय, बुटाच्या दुकानातल्या माणसाला पाय नसतात? बसा, तुम्ही बसा हो. तुमचं बरं आहे, तुम्ही बसून ऐकणार आणि मी उभं राहून सांगणार, म्हणजे इथंसुद्धा उभं राहणं माझ्याच कपाळी! पण आज मी असा उभा आहे ना, तो एका बाईंमुळे उभा आहे, आणि त्या बाईंना बघून मी वीस वर्षं लपायला बघत होतो, हेच तर सांगायचंय.

सव्वीस वर्षं, तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी एकाच दुकानात उभा आहे. सकाळी शटर वर गेलं की उभा, शटर खाली आलं की लक्षात येतं, अरे, आज आपण बसलोच नाही! बसायचं ते फक्त त्या उतरत्या फळीच्या स्टुलावर. पाहिलंय ना तुम्ही? बुटकं स्टूल, पुढे घसरगुंडीसारखी फळी, गिऱ्हाईक फळीवर पाय ठेवतं आणि आम्ही शूहॉर्ननं बूट चढवतो. ते स्टूल माझं! दुकानात आणखी तिघं विक्रेते आहेत, पण त्यावर बसायची कुणाची टाप नाही. कारण पाय वाचावा तर मीच. बढाई नाही मारत! माणूस दारातून आत आला की तोंड बघायच्या आधी मी बूट बघतो. बाहेरच्या बाजूनं टाच झिजलीय, म्हणजे हा असा पाय फेकून चालतो. अंगठ्याचा सांधा बाहेर आलाय, म्हणजे बाईंनी कॉलेजपासून टोकदार बूट सोडले नाहीत. करंगळीवर कुरूप? पुढून बूट आवळ. नख बोटात घुसलंय? हे नखं गोल कापतात, कोपऱ्यात कात्री घालतात, सरळ कापा म्हणून सांगून जीभ झिजली माझी. एकदा एक मास्तर आले, बूट काढला तर आतून हा एवढा खडा पडला. म्हटलं, मास्तर, सकाळपासून टोचला नाही? म्हणतात, "कुठे काय, कळलंच नाही." मी बूट दाखवलेच नाहीत! म्हटलं, बूट पळून जात नाहीत, आधी डॉक्टरकडे जा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. दोन महिन्यांनी मास्तर खास आभार मानायला आले होते.

असा मी! आणि दुखतंय कुणाचं? ज्यानं अख्ख्या गावाला बूट घातले, त्याचं!

सुरुवात कशी झाली, सांगतो. सकाळी उठलो, पलंगावरून पाय खाली टेकवला आणि... आई गं! टाचेखाली कुणीतरी खिळा उभा करून ठेवलाय! मी खाली वाकून बघितलं. खरंच बघितलं, हसू नका! बायको म्हणाली, "अहो, काय शोधताय?" म्हटलं, "खिळा." "कसला खिळा?" म्हटलं, "तुझ्या घरात तू खिळे टाकतेस आणि मलाच विचारतेस?" ती शांतपणे केरसुणी घेऊन आली, सगळा पलंगाखालचा केर काढला, एक रबरबँड निघालं. खिळा नाही. आणि गंमत काय, दहा पावलं चाललो की दुखणं गायब! दात घासेपर्यंत मी एकदम खणखणीत. मग कोण विश्वास ठेवणार? पण दुपारी डबा खायला जरा टेकलो, उठलो, की पुन्हा खिळा हजर. बसलो, उठलो, खिळा. महिनाभरात तर तो खिळा दिवसभर मुक्कामाला.

मग सुरू झाले सल्ले. खालच्या मजल्यावरचे काका, त्यांना कुणाला काही दुखतंय कळलं की चेहऱ्यावर तेज येतं. "अरे, गरम पाणी! मीठ टाक, पाय सोड, सकाळी धावशील!" सोडला पाय. भाजला पाय. धावलो खरा, बाथरूमपर्यंत, थंड पाणी ओतायला. मग काकांनी त्यांच्या काटेवाल्या सपाता दिल्या. रबराचे काटे हो, हजारभर काटे! "यावर चाल, रक्त कसं सळसळतं बघ!" सळसळलं. डोळ्यांतून पाणीपण सळसळलं. बायको म्हणते, "मऊ चप्पल घाला." मेव्हणा फोनवर म्हणतो, "मऊ अजिबात नको, अनवाणी चाला, निसर्ग!" आमच्या घरात निसर्ग म्हणजे टाइल्स. चाललो टाइल्सवर अनवाणी, आठवडाभर. खिळ्याचा दाभण झाला.

शेवटी डॉक्टर. डॉक्टर चांगला माणूस, अगदी चांगला, मला बघून म्हणाले, "अरे वा, तुम्ही तर माझ्या मुलाला शाळेचे बूट दिलेत!" मी मनातल्या मनात त्यांचा बूट बघितला, डावी टाच झिजलेली. टाचेखाली त्यांनी अंगठा दाबला आणि मी पलंगावरून अर्धा उठलो. "इथंच ना?" इथंच! फोटो काढला. फोटोत टाचेला एक छोटी चोच दिसत होती. मी म्हटलं, संपलं! हाड वाढलं! आमच्या गल्लीत हाड वाढणं म्हणजे माणूस कामातून गेला. डॉक्टर हसले. "घाबरू नका, असं हाड कित्येकांना असतं आणि त्यांना काहीही दुखत नाही. तुमच्या तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, कमानीला दोरीसारखा ताणून धरणारा, तो टाचेपाशी चिडलाय. रात्रभर आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला खेचला जातो, म्हणून ती पहिली पावलं वाईट." मग उपाय सांगितले. पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेल तळव्यात अडकवून पाय स्वतःकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली बर्फात गोठवून तळव्याखाली फिरवायची. घरात अनवाणी फिरायचं नाही. "धीर धरा, याला आठवडे लागतात." आणि मग, तुम्हाला सांगतो, मग त्या भल्या माणसानं नेमका प्रश्न विचारला, "बूट नीट मापाचे आहेत ना?"

आणि मी काय केलं? मी हसलो! "डॉक्टर, मी बुटाच्या दुकानात आहे!" तेही हसले. "हो की!" आम्ही दोघंही हसलो. हसा, तुम्हीही हसा...

कारण माझा पाय किती? सात! लहानसहान गोष्ट नाही ही, सात नंबर म्हणजे काय ते आमच्या धंद्यात विचारा. कंपनीवाले नमुन्याचे जोड पाठवतात ना, शोकेसमध्ये ठेवायला, ते सगळे सात नंबरचे. आणि हंगाम संपला की ते नमुने दुकानातल्या सात नंबरवाल्यांचे! सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीला गेलो, मालक गल्ल्यावरून म्हणाले, "शिक्षण राहू दे. पाय किती नंबर?" म्हटलं, "सात." म्हणाले, "उद्यापासून ये." झाली मुलाखत! तेव्हापासून पहिला नमुना मालकांचा, कारण तेही सात, आणि दुसरा माझा. बाकीचे तिघं, कुणी नऊ, कुणी सहा, हात चोळत बघणार. मी लग्नात सात घातला, पोरं झाली तेव्हा सात घातला, ताठ मानेनं सांगायचो, सात नंबरचा माणूस आहे मी!

तर डॉक्टरांचं सगळं केलं. टॉवेल ओढला, भिंत ढकलली, बाटली फिरवली. बायको सकाळी चहा घेऊन यायची आणि मी पलंगावर टॉवेलशी रस्सीखेच करत बसलेलो असायचो. घरी बरं वाटायचं, दुकानात गेलो की संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे. आणि एक दिवस मालकांनी बोलावलं. आमच्या मालकांचा स्वभाव असा, की दुपारी बारापर्यंत देवमाणूस, बारानंतर कुणी गल्ल्याजवळ जाऊ नये. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला बोलावलं ते चार वाजता. म्हणजे विचार करा!

"अरे," म्हणाले, "आज एक बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, जो माणूस तुमच्याच दुकानाचे बूट घालून लंगडतो, त्याच्याकडून मी बूट घेऊ? काय सांगू मी त्यांना?" मी दुखरा पाय मागे घेतला. "शाळा उघडायच्या आधीचा सोमवार. त्या दिवशी मी तुला दारापासून आरशापर्यंत चालवून बघणार. सरळ चाललास तर स्टूल तुझं. नाहीतर गोदामात बसायचं, खोक्यांवर नंबर चिकटवायचे. बसून काम आहे, पायालाही आराम."

आराम! गोदामात! तुम्हाला सांगतो, त्या गोदामात एक दिवा, एक खुर्ची आणि चार हजार खोकी! बोलायचं कुणाशी? खोक्याशी? माझ्यासारखा माणूस, ज्याला गिऱ्हाइकाच्या आजीच्या गुडघ्यापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळं ठाऊक, तो तिथं बसून चिकटपट्टी लावणार? बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्ही दिवसभर दुकानात बोलता म्हणून घरात सुख आहे. काहीही करा, पण तो पाय बरा करा." म्हणजे बघा, सगळ्या घरादाराचं सुख त्या टाचेवर उभं!

आणि दुखतंय कुणाचं? ज्यानं अख्ख्या गावाला बूट घातले, त्याचं!

आणि अशातच एका संध्याकाळी दारात उभी राहिली... दीड तास!

नाव नाही हो, नाव पडलेलं. टपालखात्यातल्या बाई, एकतीस वर्षं पायी टपाल वाटतायत. वर्षातून एक जोड घ्यायला येतात आणि एका जोडाला घड्याळ लावून दीड तास घेतात, म्हणून आम्ही दुकानात त्यांना दीड तास म्हणतो. येणार संध्याकाळीच, कारण "भाऊ, संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो." पिशवीत स्वतःचे मोजे आणणार. एक पाय मोजला की म्हणणार, "आता दुसरा. दोन पाय सारखे नसतात." बसून मोजला की म्हणणार, "उभं राहून मोजा, मी बसून टपाल वाटत नाही." मग बूट हातात घेऊन वाकवणार. "मध्येच मोडतोय, नको. बोटांपाशी वाकला पाहिजे." मग टाचेमागची बाजू दाबणार, मग पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का बघणार, मग दुकानात पाच फेऱ्या! आणि सगळ्यात कहर म्हणजे पिशवीतून स्वतःच्या पायाची पेन्सिलनं काढलेली आकृती काढून, तिच्यावर आमचा बूट ठेवून बघणार! त्या दिसल्या की आमच्या दुकानात पळापळ. एकाला फोन येतो, एक शोकेसमागे जाऊन पुसत बसतो, एक सरळ चहाला जातो. माळ्यावर खोकी सांभाळणारा आमचा म्हातारा, त्याला आम्ही वरचा म्हणतो, नंबर ओरडला की न बघता खोकं खाली फेकतो, तो तर त्या दिसल्या की शिडीच वर ओढून घेतो! आणि मी? वीस वर्षं मी त्यांच्या मागे त्यांची नक्कल करून दाखवतोय. पाच फेऱ्यांची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करून दाखवली की मालकसुद्धा हसायचे, पण बारापर्यंत.

त्या दिवशी मला पळता आलं नाही. पायच नव्हता पळायला. बाकीचे नाहीसे झाले आणि मी एकटा लंगडत पुढे. "या ताई, बसा."

त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबा. तिकडे परत जा. आता इकडे या." मी गेलो, आलो. "कधीपासून?"

"तीन महिने."

"सकाळची पहिली पावलं?"

"तीच! ताई, तीच!"

"बसा."

"कुठं?"

"माझ्या जागेवर." आणि त्या, तुम्हाला सांगतो, त्या माझ्या स्टुलावर बसल्या! माझ्या! फोनवर बोलणाऱ्यानं फोन ठेवला, शोकेसमागून डोकं वर आलं, माळ्याच्या भोकातून वरच्याचा चष्मा चमकला.

"बूट काढा."

मी म्हटलं, "ताई, मी सात नंबर आहे."

"नंबर नाही विचारला मी. बूट काढा म्हटलं."

काढला. मोजाही काढायला लावला. आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. हजारो लोकांचे पाय मी मांडीवर घेतले, घामेजलेले, चिरलेले, चिखलातले, कधी तोंड वाकडं नाही केलं. पण माझा पाय असा उजेडात, चार माणसांत, मीच कधी बघितला नव्हता. करंगळी शेजारणीच्या खाली दडी मारून बसलेली. तिच्यावर कुरूप. अंगठ्याचं नख काळं. म्हणजे जे जे मी लोकांच्या पायात बघून मान हलवत होतो ते सगळं माझ्याच मोज्यात! त्या बाई काही बोलल्या नाहीत हो. एक शब्द नाही. मी असतो तर भाषण दिलं असतं. त्यांनी फक्त खोक्यातला कागद काढला, जमिनीवर पसरला, म्हणाल्या, "उभे राहा. दोन्ही पायांवर, भार टाकून." आणि पेन्सिल घेऊन माझ्या पायाभोवती फिरवली. "पेन्सिल सरळ उभी धरायची, भाऊ. तिरकी धरली की कागद खोटं बोलतो."

मग त्यांनी माझा बूट उचलला, सात नंबर, नवा कोरा, मागच्या हंगामाचा नमुना, आणि त्या आकृतीवर ठेवला.

चहूबाजूंनी रेघ दिसत होती! पुढून रेघ, डावीकडून रेघ, उजवीकडून तर बोटभर! बूट आत आणि पाय बाहेर! तुम्हाला सांगतो, असा मी सव्वीस वर्षं चालत होतो, आणि वर लोकांना सांगत होतो, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा!

"शेवटचा कधी मोजला होता?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस वर्षांपूर्वी." मग आठवलं. "नाही ताई. तेव्हाही मोजला नव्हता. मालकांनी विचारलं, मी सांगितलं."

त्यांनी पिशवीतून एक जुनी फाइल काढली. आत कागद. दरवर्षीचा एक, वर तारीख. पहिला पाच नंबर. मग साडेपाच. मग बाळंतपणानंतर एकदम साडेसहा. आणि सगळ्यात वरचा, सात! "पाय वाढतो, भाऊ. वयानं आतले बंध सैलावतात, उभ्यानं काम करणाऱ्याचे जास्तच. कमान जराशी बसते, पाय लांबतो, पसरतो. आणि तुम्ही त्याला कोंबून ठेवलंत, तो पट्टा तरी किती सोसेल? डॉक्टर रोज बरं करतायत आणि बूट रोज बिघडवतोय." मग फाइल बंद करता करता म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "ज्याच्यावर आपण रोज बारा तास उभे राहतो, त्याला वर्षातून दीड तास द्यायला काय जातं?"

म्हणजे त्यांना माहीत होतं! नाव माहीत होतं! नक्कलही माहीत असणार, आमच्या दुकानात चारी बाजूंना आरसे आहेत! मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी खाली बघितलं, आणि खाली काय, तर त्यांचेच पाय. बूट काढून बसल्या होत्या. काय पाय हो! एकतीस वर्षं चाललेले, ऊन, चिखल, जिने, कुत्री, आणि बोटं कशी, वर्गात बाकावर बसलेल्या शहाण्या मुलांसारखी, सुटी, सरळ! ना कुरूप, ना गाठ, ना एक काळं नख. सव्वीस वर्षांत असा पाय मी बघितला नव्हता, आणि तो दरवर्षी माझ्याच फळीवर येत होता, मी घड्याळ बघत होतो!

मी मान वर केली आणि ओरडलो, "वरच्या! साडेआठ, रुंद!"

वरून खोकं आलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आलं नाही. मग हळूच आवाज आला, "कुणाला?"

"मला."

शिडी खाली आली. म्हातारा स्वतः उतरला, माझ्या पायाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाही रे बाबा. रुंद साडेआठ आपण ठेवतच नाही. समोर मिळेल."

समोर! आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, दुसरं बुटाचं दुकान! ज्याच्या दारातल्या माणसाशी मी सव्वीस वर्षं फक्त डोळे वटारून बोललो होतो! मी म्हटलं, ताई, तिथं नको, कुठंही चला. पण त्या केव्हाच बूट घालून रस्त्यात. काय चालतात हो बाई, मी मागून लंगडत, अर्धा बूट घालून. समोरचा मला दारात बघून इतका खूश झाला, इतका खूश, की खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसली. "या, या! नंबर?" मी कसाबसा पुटपुटलो, "साडेआठ." तो कानाला हात लावून, "काय म्हणालात? मोठ्यानं!" तेवढ्यात ताई म्हणाल्या, "नंबर राहू द्या. दोन्ही पाय मोजा. उभं राहून." आणि त्याचं हसू हळूहळू उतरायला लागलं. वाकवून बघितले, दाबून बघितले, पाच फेऱ्या मारल्या. किती वेळ लागला विचारू नका. तुम्हाला माहीत आहे.

पण तो जोड पायात गेला ना, आणि मी उभा राहिलो... बोटं! माझी बोटं हलत होती! करंगळी बाहेर आली, इतक्या वर्षांनी शेजारणीच्या शेजारी उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही. ताई पलीकडे बघत म्हणाल्या, "लगेच बरं नाही होणार हं. टॉवेल, भिंत, बाटली, सगळं चालू ठेवा. आता लागू पडेल."

आणि पडलं! पहिला आठवडा काही नाही, दुसऱ्यात खिळ्याची टाचणी झाली, चौथ्यात तर मी पलंगावरून उतरलो, बाथरूमपर्यंत गेलो आणि मग आठवलं की अरे, दुखलं नाही! परत पलंगावर जाऊन पुन्हा उतरलो. बायको म्हणाली, "आता काय शोधताय?" म्हटलं, "खिळा. नाहीये!" डॉक्टरांना जाऊन सगळं खरं सांगितलं, की तुम्ही विचारलं होतंत आणि मी हसलो होतो. ते म्हणाले, "मीही हसलो होतो," आणि हळूच स्वतःच्या बुटाकडे बघायला लागले.

प्रश्न एकच. समोरच्या दुकानाचे बूट घालून मी आमच्या दुकानात उभा! मालकांना कळलं तर? पण मालक बसतात गल्ल्यामागे, उंच गल्ला, त्यांना माझं कमरेखालचं काही दिसत नाही. सहा आठवडे मी गल्ल्याच्या आडोशानं काढले.

मग तो सोमवार. चार वाजता. चारच का? सकाळी दहा का नाही? "चाल," मालक म्हणाले. दारापासून आरशापर्यंत. तिघं विक्रेते रांगेत, वरून चष्मा. मी चाललो. टाच टेकवली, पाऊल टाकलं, टाच टेकवली, पाऊल टाकलं. आरशात बघितलं तर एक सरळ चालणारा माणूस माझ्याकडे येत होता. वळलो, परत आलो. मालक म्हणाले, "अजून एकदा." अजून एकदा. "लंगडत नाहीस."

"नाही, मालक."

"स्टूल तुझं," म्हणाले, आणि पहिल्यांदाच गल्ल्यावरून वाकून त्यांनी खाली बघितलं. "हे बूट आपले नाहीत."

"...नाही."

"समोरचे?"

"हो."

"सात?"

"नाही, मालक. साडेआठ. रुंद." म्हटलं, गेलं स्टूल! आता दिवा, खुर्ची आणि चार हजार खोकी. तिघांनी माना खाली घातल्या. मालक उठले. गल्ल्याच्या कडेला धरून, एक एक पाऊल, टाच न टेकवता बाहेर आले, आणि मी बघतोय तर पायात नुसते मोजे! नमुन्याचा पहिला जोड, हंगामातला सगळ्यात देखणा, गल्ल्याखाली पडलेला! बारानंतर स्वभाव का बिघडतो, ते सव्वीस वर्षांनी कळलं मला. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले, माझ्या फळीवर पाय ठेवला आणि हळूच म्हणाले, "मोज. आणि ओरडू नकोस."

म्हटलं, "मालक, उभं राहून मोजायचा असतो."

उभे राहिले. दोन्ही पाय मोजले. कागद पसरला, पेन्सिल सरळ उभी धरली. सांगू किती? साडेनऊ! ज्या माणसानं सात नंबर बघून मला नोकरी दिली, तो साडेनऊ! मालक त्या रेघेकडे बघत राहिले, बघत राहिले, मग म्हणाले, "आपल्याकडे आहे?"

वरून आवाज आला, "नाही."

गेलो. काय करणार? मालकांचा हात धरून, भर बाजारातून, रस्ता ओलांडून, समोर गेलो. वाकवून बघितले, दाबून बघितले, संध्याकाळ होऊ दिली, पाच फेऱ्या मारल्या. आता डॉक्टरांनाही घेऊन जायचंय, मास्तरांनाही, खालचे काका तर रोज विचारतात. पण तुम्हाला सांगतो, हल्ली आमच्यातलं कुणी नुसतं रस्ता ओलांडताना दिसलं ना, की समोरच्या दुकानात शिडी वर जाते.